भिरंडाची एक साल, दोन रंग: पाण्यात काय विरघळतं आणि का

भिरंडाची, म्हणजे कोकमाची, एक साल घ्या. तिच्यात दोन रंग असतात. लाल रंग आपल्या ओळखीचा आहे. साल कोमट पाण्यात घातली की थोड्या वेळात तो उतरतो आणि सोलकढी गुलाबी होते. दुसरा रंग पिवळा, नाव गार्सिनॉल. तो त्याच सालीत असतो, पण पाण्यात जवळजवळ उतरत नाही. कढी करून पिळून टाकलेल्या सालीत तो बहुतेक सगळा तसाच शिल्लक असतो. त्याला बाहेर काढायला अल्कोहोल किंवा हेक्झेन लागतं.

एकाच सालीतले दोन रंग असे वेगळे वागतात ते त्यांच्या रेणूंच्या घडणीमुळे. लाल रंग अँथोसायनिन वर्गातला. त्यातल्या सायनिडिन-३-ग्लुकोसाइड या रेणूत २१ कार्बन आणि ११ ऑक्सिजन अणू आहेत. त्याला ग्लुकोजची एक साखर जोडलेली आहे आणि कोकमाच्या आंबटपणात त्यावर धन विद्युतभार असतो. गार्सिनॉलमध्ये ३८ कार्बन आणि ऑक्सिजन फक्त ६. साखर नाही, भार नाही, भोवती हायड्रोकार्बनच्या फांद्या पसरलेल्या. एका ऑक्सिजनमागे पहिल्यात जेमतेम दोन कार्बन, दुसऱ्यात सहाहून जास्त. इथे तरी एवढ्यावरून निकाल सांगता येतो. पण कार्बन-ऑक्सिजन मोजून सगळी कोडी सुटत नाहीत. सुटली असती तर कापसाचं पंचं, ज्यात ऑक्सिजन भरपूर असतो, पहिल्या धुण्यालाच विरघळून गेलं असतं.

शाळेत आपण शिकतो की समान पदार्थ समान पदार्थात विरघळतो: ध्रुवीय (ज्याच्या एका टोकाला किंचित धन, दुसऱ्याला किंचित ऋण भार असतो) ध्रुवीयात, अध्रुवीय अध्रुवीयात. हा नियम खोटा नाही, पण तोकडा आहे. विरघळणं हा तीन खात्यांचा हिशोब आहे. पहिल्या खात्यात खर्च: रेणूला स्वतःच्या भाऊबंदांपासून, म्हणजे स्फटिकातून किंवा द्रवातून, सोडवण्याचा. दुसऱ्यातही खर्च: पाण्यात त्याच्यासाठी जागा करण्याचा. तिसऱ्यात मिळकत: रेणू आणि पाणी यांच्यात जे नवे बंध जुळतात त्यांची. विद्यार्थी तिसरं खातं पाठ करतात, दुसरं अर्धवट समजून घेतात आणि पहिलं विसरतात. निम्मी चुकीची उत्तरं त्या विसरण्यातूनच येतात.

पाण्याची बाजू

पाण्याचा रेणू लहान असला तरी गोतावळ्यात राहणारा आहे. त्याचे दोन हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनांकडे ओढलेले असतात आणि त्याचा ऑक्सिजन इतरांचे हायड्रोजन धरून असतो. द्रव पाण्यात प्रत्येक रेणू साधारण तीन ते चार हायड्रोजन बंधांत गुंतलेला असतो. हे बंध क्षणोक्षणी तुटतात आणि नवे जुळतात, पण जाळं कायम राहतं.

आता या जाळ्यात तेलाचा रेणू शिरला असं समजा. त्याला हायड्रोजन बंध देता येत नाही आणि घेताही येत नाही. त्याच्याभोवतीचे पाण्याचे रेणू आपले बंध सोडून देत नाहीत. ते बंध टिकवण्यासाठी त्यांना ठरावीक दिशांनाच तोंड करून राहावं लागतं. आधी ते हवे तसे वळू शकत होते, आता ती मोकळीक आक्रसते. निसर्गाला हे आक्रसणं महाग पडतं. शास्त्राच्या भाषेत एंट्रॉपी घटते. तेलाचे थेंब एकत्र आले की पाण्याला लागणारा त्यांचा एकूण पृष्ठभाग कमी होतो आणि अडकलेलं पाणी मोकळं होतं. म्हणून तेल वेगळं होतं. तेल आणि पाणी यांचं वैर असतं, ही समजूत सोडून द्यायला हवी. दोघांत थोडंफार आकर्षण असतंच. पाण्याचं पाण्याशी असलेलं नातं त्याहून कितीतरी घट्ट आहे, एवढंच.

फेणीतला अल्कोहोल आणि त्याचे मोठे भाऊ

फेणीत पाणी कितीही घाला, अल्कोहोल वेगळा होऊन वर तरंगत नाही. इथेनॉल पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतो. दोन कार्बनांची आखूड शेपटी आणि एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी), असा तो रेणू. शेपटीचा खर्च हायड्रॉक्सिलच्या मिळकतीत सहज भागतो. एका कार्बनाचा मिथेनॉल आणि तीन कार्बनांचा प्रोपेनॉलही असेच. चौथ्या कार्बनावर हिशोब उलटू लागतो. सरळ साखळीचा १-ब्यूटेनॉल खोलीच्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात साधारण साडेसात ग्रॅम विरघळतो. पुढे पेंटेनॉल २.२ ग्रॅम, हेक्झेनॉल ०.६, हेप्टेनॉल ०.१७ आणि ऑक्टेनॉल ०.०५ ग्रॅमच्या आसपास.

हे आकडे शेजारी शेजारी मांडून भागाकार करून पाहा. दर वेळी उत्तर तीन ते पावणेचारच्या दरम्यान येतं. साखळीत एक कार्बन वाढला की विद्राव्यता साधारण साडेतीन पटीने घसरते. ही चाल आम्लांत, अमाइनांत (नायट्रोजन असलेल्या अल्कधर्मी रेणूंत), एस्टरांत (आम्ल आणि अल्कोहोल जुळून झालेल्या रेणूंत) सगळीकडे थोड्याफार फरकाने दिसते, कारण प्रत्येक नवा कार्बन पाण्यात जवळपास तेवढीच जादा जागा मागतो. आम्लांत ब्युटिरिक आम्लापर्यंत, म्हणजे चार कार्बनांपर्यंत, पाण्यात पूर्ण मिसळतात. सहा कार्बनांचं हेक्झेनॉइक आम्ल १०० मिलिलिटरला एक ग्रॅमच्या जरा वर विरघळतं. म्हणून ढोबळ नियम असा: एक हायड्रॉक्सिल किंवा एक कार्बॉक्सिल (आम्लाचा) गट चार-पाच कार्बनांचा भार ओढतो, त्यापुढे दमतो.

भट्टीच्या दारूत याच चालीचा आणखी एक परिणाम दिसतो. आंबवणीत इथेनॉलबरोबर मोठ्या साखळीचे एस्टरही तयार होतात, उदाहरणार्थ १४ कार्बनांचं इथाइल लॉरेट. अल्कोहोलचं प्रमाण चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या वर असलं की ते विरघळलेले राहतात. पाणी घालून दारू पातळ केली आणि वर थंड केली की त्यांना आधार उरत नाही आणि धूसर झाक येते. बडीशेपेचा अर्क पाण्यात ओतल्यावर दुधासारखा पांढरा होतो तोही असाच: त्यातलं सुगंधी तेल, अनेथॉल, अल्कोहोलात विरघळतं, पाण्यात नाही, मग त्याचे सूक्ष्म थेंब होतात. भेसळ समजून घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

साखळी किती लांब आहे याइतकंच ती कशी वळली आहे यालाही महत्त्व आहे. टर्शरी-ब्यूटेनॉलमध्येही चारच कार्बन आहेत, पण ते गोळा होऊन एका कार्बनाभोवती बसलेले. पाण्याला लागणारा पृष्ठभाग लहान, म्हणून तो पाण्यात पूर्ण मिसळतो. (त्याचा वितळणांक २५ अंशांच्या आसपास आहे. वातानुकूलित प्रयोगशाळेत बाटली गोठलेली सापडली तर माल खराब झाला असं समजू नका, कोमट पाण्यात उभी करून ठेवा.) डायइथाइल ईथर पाहा. चार कार्बन, मध्ये एक ऑक्सिजन, हायड्रॉक्सिल नाहीच. तरी तो १०० मिलिलिटरला सहा-सात ग्रॅम विरघळतो, जवळपास ब्यूटेनॉलइतकाच. ऑक्सिजनला पाण्याचा हायड्रोजन घेता आला तरी पुरतं, स्वतःचा द्यावा लागतोच असं नाही. त्याच मापाच्या पेंटेनमध्ये ऑक्सिजन नाही आणि त्याची विद्राव्यता १०० मिलिलिटरला ०.००४ ग्रॅम आहे. एका अणूने हजारपटीहून जास्त फरक पडला. ईथरच्या दोन शेपट्या मागे ओढून कड्यात बांधल्या की टेट्राहायड्रोफ्युरान होतं. आता ऑक्सिजन उघडा पडतो, आणि तेही पाण्यात पूर्ण मिसळतं.

विसरलेलं खातं: स्फटिक

ऑक्सिजन वाढवले की विद्राव्यता वाढते, हे साखरेकडे पाहून पटतं. सुक्रोजमध्ये १२ कार्बनांना ११ ऑक्सिजन, त्यांतले ८ हायड्रॉक्सिल. १०० मिलिलिटर पाण्यात खोलीच्या तापमानाला सुमारे २०० ग्रॅम साखर जाते, पाण्याच्या दुप्पट वजनाची. कापूस म्हणजे सेल्युलोज, तोही ग्लुकोजचीच माळ. दर मण्यावर तीन हायड्रॉक्सिल आहेत. पाण्याला धरायला जागाच जागा. तरी तो विरघळत नाही. काथ्यासाठी नारळाची सोडणं खाजणाच्या पाण्यात महिनोन् महिने कुजवतात. त्या काळात पेक्टिनसारखे घटक कुजून निघून जातात, पण सेल्युलोज आणि लिग्निनचा धागा शाबूत राहतो.

कारण सेल्युलोजच्या माळा सरळ आहेत. त्या एकमेकींना चिकटून समांतर बसतात आणि हायड्रॉक्सिल गट शेजारच्या माळेशी बांधले जातात. एका माळेला सोडवायचं तर शेकडो-हजारो बंध एकदम सोडावे लागतात. पाणी तेवढेच बंध देऊ करतं, पण एक सुटेपर्यंत दुसरा पुन्हा जुळतो. पेजेतल्या तांदळाचा स्टार्चही ग्लुकोजचाच, फक्त मण्यांचा सांधा वेगळ्या बाजूने आहे. त्यामुळे माळ सरळ न राहता वळते आणि घट्ट रचता येत नाही. गरम पाणी आत शिरतं, दाणा फुगतो, पेज दाट होते.

लहान रेणूंत याचा सर्वांत सुंदर पुरावा मॅलेइक आणि फ्युमॅरिक आम्लात मिळतो. दोघांत ४ कार्बन, ४ हायड्रोजन, ४ ऑक्सिजन. दोन्हींत दोन कार्बॉक्सिल गट आणि मध्ये एक दुहेरी बंध. मॅलेइकमध्ये दोन्ही गट एकाच बाजूला, फ्युमॅरिकमध्ये विरुद्ध बाजूंना. एवढाच फरक, पण २५ अंशांना मॅलेइक आम्ल १०० मिलिलिटर पाण्यात ७९ ग्रॅमच्या आसपास जातं आणि फ्युमॅरिक ०.६ ग्रॅमच्या थोडं वर. फ्युमॅरिकचे रेणू सरळ असल्याने विटांसारखे रचले जातात आणि दोन्ही टोकांनी शेजाऱ्याला धरतात. त्याचा वितळणांक २८७ अंश. मॅलेइक वाकडं आहे, त्याचे दोन गट आपापसातच हायड्रोजन बंध जुळवतात, रचना सैल राहते आणि ते १३५ अंशांच्या आसपास वितळतं. वितळणांक हा स्फटिकाच्या घट्टपणाचा निरोप आहे. कोणत्याही घन पदार्थाच्या विद्राव्यतेचा अंदाज करताना तो आधी पाहावा.

आपल्याच रेणूत जुळलेला हायड्रोजन बंध मात्र उलटही फिरतो. ऑर्थो-नायट्रोफिनॉलमध्ये हायड्रॉक्सिल शेजारच्या नायट्रो गटाला धरून बसतो, पाण्यासाठी हात मोकळा उरत नाही. म्हणून तो लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास विरघळतो, तर पॅरा-नायट्रोफिनॉल, जिथे दोन गट दूर आहेत, दहा ग्रॅमहून जास्त. बारावीच्या प्रयोगांत बाष्पाबरोबर ऑर्थो वर येतो आणि पॅरा मागे राहतो त्याचं कारणही हेच.

हळदीचा रंग या सगळ्यांचं एकत्र उदाहरण आहे. कर्क्युमिनमध्ये २१ कार्बन आणि ६ ऑक्सिजन. नुसतं मोजलं तर थोडं तरी विरघळायला हवं. पण मधला हायड्रॉक्सिल शेजारच्या ऑक्सिजनाशी बांधलेला, रेणू लांब आणि सपाट, स्फटिक १८० अंशांच्या पुढे वितळणारा. पाण्यात तो जवळजवळ जातच नाही. दोन काचेच्या पेल्यांत करून पाहा: एकात अर्धा पेला पाणी, दुसऱ्यात तेवढंच कोमट खोबरेल, दोन्हींत पाव चमचा हळद. ढवळून दोन-तीन तास सोडा. तेल वरपर्यंत स्वच्छ पिवळं होतं. पाण्यात पूड तळाला बसते आणि वरचं पाणी फिकट राहतं. लगेच पाहिलंत तर फसाल, कारण पाण्यात तरंगणारी पूडही पिवळी दिसते. तरंगणं म्हणजे विरघळणं नव्हे. फोडणीत तेल तापल्यावर हळद घालायची रीत रसायनशास्त्राशी किती नीट जुळते, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

भार आला की सगळं बदलतं

रेणूवर विद्युतभार आला की पाण्याची मिळकत एकदम मोठी होते. पाण्याचे रेणू त्या भाराभोवती घट्ट गोळा होतात आणि स्फटिकाचा खर्चही त्यातून भागतो. बेंझॉइक आम्ल १०० मिलिलिटर पाण्यात ०.३४ ग्रॅम विरघळतं, त्याचं सोडियम बेंझोएट ६० ग्रॅमहून जास्त. हायड्रोजनच्या जागी सोडियम आल्याने जवळपास १८० पट.

हे करून पाहायला पाऊण तास पुरतो. १५० मिलिलिटरच्या बीकरमध्ये २५ मिलिलिटर पाणी आणि ०.५ ग्रॅम बेंझॉइक आम्ल घ्या. ढवळलं तरी बरंचसं तसंच राहील, कारण तेवढ्या पाण्यात ०.०८ ग्रॅमच्या वर जागा नाही. आता ०.५ ग्रॅम खाण्याचा सोडा चिमटीचिमटीने घाला. फेस येतो, म्हणून बीकर मोठा लागतो. सगळा सोडा एकदम टाकला तर द्रावण काठावरून जातं आणि पुढची वजनं निरर्थक होतात. पाच-दहा मिनिटांत द्रावण स्वच्छ होईल. त्यात १ मोलरचं हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबथेंब घाला. पहिला भाग शिल्लक सोडा खातो, मग पांढरे स्फटिक पडू लागतात. एकूण ६ मिलिलिटर लागेल, थोडं जास्त घालून पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं आंबट) ३ च्या खाली आणा. बर्फात दहा मिनिटं ठेवून गाळा आणि बर्फासारख्या थंड पाण्याने, तेही दोन-तीन मिलिलिटरनेच धुवा. ०.५ ग्रॅम घातलं म्हणून तेवढंच परत मिळेल अशी आशा धरू नका. ३१ मिलिलिटर द्रावण खोलीच्या तापमानाला ०.१ ग्रॅम स्वतःकडे ठेवतं, बर्फात निम्मं. कोमट पाण्याने सढळ हाताने धुणारे आपलं उत्पादन मोरीत सोडतात. फिनॉल याच सोड्यात विरघळत नाही, त्याला कॉस्टिक सोडा लागतो, कारण फिनॉल फार दुबळं आम्ल आहे. कार्बॉक्सिलिक आम्ल आणि फिनॉल वेगळे करायची चाचणी यावरच उभी आहे.

नेमका हिशोब असा. बेंझॉइक आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो आकडा, ४.२. पीएच त्याच्या वर गेला की प्रत्येक एका अंकामागे एकूण विद्राव्यता साधारण दहापट होते. पीएच ३ ला शंभरातले सहाच रेणू भारित असतात, पीएच ७ ला जवळपास सगळे.

कोकम सरबत बाटलीत भरून विकणाऱ्यांना हा हिशोब रोज भेटतो. टिकवण्यासाठी सोडियम बेंझोएट घालतात, पण बुरशीवर काम करतं ते भार नसलेलं बेंझॉइक आम्ल. तेच पेशीच्या तेलकट पडद्यातून आत जातं. सरबत आंबट असल्याने हे रूपांतर आपोआप होतं. चूक होते ती घालण्याच्या पद्धतीत. पूड थेट दाट, आंबट पाकात टाकली की ज्या जागी पडते तिथेच आम्ल बनून पांढरे कण पडतात, आणि दाट पाकात ते लवकर परत विरघळत नाहीत. मग एका बाटलीत जास्त, दुसरीत कमी, आणि कमी असलेली आंबून फुगते. बेंझोएट आधी २०-२५ मिलिलिटर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा आणि आंबट रस घालण्यापूर्वी साखरेच्या पाकात ढवळत मिसळा. रस आधीच घातला असेल तर बारीक धारेने, जोरात ढवळत. मर्यादा बेंझॉइक आम्लाच्या हिशोबाने दिलेली असेल तर १.१८ ने गुणून बेंझोएटचं वजन काढा: लिटरला ०.६ ग्रॅम आम्ल म्हणजे ०.७१ ग्रॅम बेंझोएट.

अमाइनांत भार उलट्या बाजूने येतो, आम्ल घातल्यावर. बांगड्याचा उग्र वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइनचा. ते पाण्यात विरघळतं, पण हवेतही सहज उडतं. लिंबू, सोलं किंवा व्हिनेगर लावलं की त्याचा क्षार होतो, भार येतो, आणि भार असलेला रेणू हवेत उडत नाही. तो धुण्याच्या पाण्याबरोबर जातो, उरला तरी नाकाला लागत नाही.

औषधांच्या पाकिटावर नावामागे सोडियम किंवा हायड्रोक्लोराइड लिहिलेलं असतं तेही याचसाठी. डायक्लोफेनॅक सोडियम, मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड: मूळ रेणू आम्ल असेल तर सोडियमशी जोडतात, अमाइन असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाशी. आयबुप्रोफेन आम्लाच्या रूपात लिटरला २१ मिलिग्रॅम विरघळतं. त्या हिशोबाने ४०० मिलिग्रॅमच्या एका गोळीला १९ लिटर पाणी लागेल. पोटाच्या आम्लात ती जवळजवळ विरघळतच नाही, आतड्यात पीएच वाढल्यावर विद्राव्यता शेकडो पटींनी चढते. पॅरासिटामॉलला भाराची गरज पडत नाही. आठच कार्बन, एक हायड्रॉक्सिल, एक अमाइड, लिटरला सुमारे १४ ग्रॅम. पण मुलांच्या औषधात ५ मिलिलिटरला १२५ किंवा २५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे लिटरला २५ ते ५० ग्रॅम. एवढं पाण्यात मावत नाही, म्हणून त्या बाटलीत बारीक पूड तरंगत ठेवलेली असते. बाटली न हलवता वरचा चमचा दिला तर मात्रा कमी पडते आणि तळाचा चमचा दिला तर जास्त होते. लहान मुलाच्या बाबतीत हा फरक हलका नाही. म्हणून प्रत्येक वेळी हलवाच.

खोबरेल ते साबण

खोबरेलाच्या रेणूत तीन लांब शेपट्या एका ग्लिसरॉलला जोडलेल्या असतात. त्या शेपट्यांतल्या जवळपास निम्म्या लॉरिक आम्लाच्या, १२ कार्बनांच्या. कॉस्टिक सोड्याने ते सांधे तोडले की प्रत्येक शेपटीच्या टोकाला ऋण भार येतो. तेच साबण: एक टोक पाण्याचं, दुसरं तेलाचं. ५०० ग्रॅम खोबरेलाला हिशोबाने ९१ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. त्वचेसाठी ५ टक्के तेल मुद्दाम शिल्लक ठेवायचं तर ८७ ग्रॅम, १७५ ग्रॅम पाण्यात. हातमोजे आणि चष्मा घालून सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही, नाहीतर उकळून अंगावर उडतं. ॲल्युमिनियमचं भांडं वापरू नका, सोडा ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. वड्या चार ते सहा आठवडे वाळू द्या.

खोबरेलाच्या साबणाला खाऱ्या पाण्यातही फेस येतो, आणि इथेही शेपटीच्या लांबीचाच प्रश्न आहे. मिठाने पाण्याचे रेणू आपल्याकडे गुंतवले की विरघळलेला साबण बाहेर ढकलला जातो. १८ कार्बनांचा स्टिअरेट साबण लगेच बाहेर पडतो, १२ कार्बनांचा लॉरेट पुष्कळ मीठ सोसतो. मिठाचा हा धक्का पाहायचा असेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलच्या ७० टक्के द्रावणात मीठ घालून हलवत राहा. थोड्या वेळाने एकाचे दोन थर होतात, वर अल्कोहोल, खाली मिठाचं पाणी. जवळ दिवा किंवा चूल नको.

आकड्याने अंदाज

रेणू पाहून विद्राव्यतेचा ढोबळ आकडा काढण्यासाठी औषधशास्त्रज्ञ याल्कोव्स्की यांचं समीकरण फार कामाचं आहे, आणि ते इतकं साधं आहे की वहीच्या कोपऱ्यात करता येतं. लिटरमागच्या मोलांचा लॉग = ०.५ वजा ०.०१ गुणिले (वितळणांक वजा २५) वजा लॉग पी. लॉग पी म्हणजे तो पदार्थ पाण्यापेक्षा ऑक्टेनॉलकडे किती ओढला जातो त्याचं माप. वितळणांकाचं पद स्फटिकाचं खातं, लॉग पी पाण्याचं. कपाटातली डांबरगोळी नॅप्थलीनची असेल तर वितळणांक ८०, लॉग पी ३.३. उत्तर येतं उणे ३.३५, म्हणजे लिटरला सुमारे ५७ मिलिग्रॅम. मोजलेला आकडा ३१ च्या आसपास. दोन पटींच्या आत अंदाज बसला, कागद-पेन्सिलीला हे पुष्कळ झालं. भार असलेल्या रेणूंना मात्र हे समीकरण जसंच्या तसं लावू नका.

फेनान्थ्रीन आणि अँथ्रासीन या दोघांत १४ कार्बन, १० हायड्रोजन, लॉग पी जवळपास सारखाच. फेनान्थ्रीनची तीन कडी वाकडी जोडलेली, ते १०० अंशांना वितळतं आणि लिटरला एक मिलिग्रॅमहून थोडं जास्त विरघळतं. अँथ्रासीनची कडी सरळ रेषेत, वितळणांक २१६, विद्राव्यता ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपास. मॅलेइक आणि फ्युमॅरिकचीच कथा, फक्त इथे एकही ऑक्सिजन नाही.

हे दोन रेणू खनिज तेलात असतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर व पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या डांबराच्या गोळ्यांतही याच जातीचे रेणू सापडतात. समुद्रात तेल सांडलं की हलके घटक आधी हवेत जातात. बेंझीनसारखे लहान रेणू, लिटरला पावणेदोन ग्रॅम विरघळणारे, थोडे पाण्यातही जातात. मागे राहतात ते मोठ्या साखळ्यांचे आणि अनेक कड्यांचे जड रेणू. पाणी त्यांना घेत नाही, म्हणून लाटांनी घुसळून त्यांचे गोळे होतात आणि वाळूत येऊन पडतात. पायाला लागलेलं हे डांबर नुसत्या पाण्याने घासून निघत नाही, आणि आधीच साबण लावला तर ते पसरतं, कारण साबणाला त्या घट्ट गोळ्यात शिरता येत नाही. चमचाभर खोबरेल चोळा, दोन-तीन मिनिटं थांबा. डांबर तेलात सैल झालं की जुन्या फडक्याने पुसून घ्या. रॉकेल किंवा पेट्रोल नको, ते कातडीचं स्वतःचं तेलही काढून नेतं. पायावर नुसतं काळपट तेल उरलं की मग साबण.